भारताची हवामानविषयक उद्दिष्टे आणि महाराष्ट्रातील त्यांची अंमलबजावणी

भारताची हवामानविषयक उद्दिष्टे म्हणजे हवामान बदल रोखण्यासाठी व त्याच्या परिणामांना तोंड देण्यासाठी भारत सरकारने पॅरिस कराराअंतर्गत जाहीर केलेली उद्दिष्टे होत. करारात त्यांना 'राष्ट्रीय निर्धारित योगदान' अशी संज्ञा आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये सुधारित केलेल्या योगदानानुसार २०३० पर्यंत तीन संख्यात्मक उद्दिष्टे गाठावयाची आहेत : सकल देशांतर्गत उत्पादनाची उत्सर्जन तीव्रता २००५ च्या तुलनेत ४५ टक्क्यांनी कमी करणे, विजेच्या एकूण स्थापित क्षमतेपैकी ५० टक्के क्षमता बिगर-जीवाश्म स्रोतांची असणे आणि वने व वृक्षांच्या साहाय्याने २.५ ते ३ अब्ज टन कार्बन डायऑक्साइड शोषून घेण्याची अतिरिक्त क्षमता निर्माण करणे. २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जन गाठणे हे देशाचे दीर्घकालीन उद्दिष्ट आहे.

यांपैकी वीजक्षमतेचे उद्दिष्ट २०२५ मध्येच, म्हणजे ठरलेल्या मुदतीच्या सुमारे पाच वर्षे आधी पूर्ण झाले. मात्र ही तिन्ही उद्दिष्टे उत्सर्जन व त्याचे शोषण यांच्याशी संबंधित आहेत. पूर, गारपीट, अवर्षण यांसारख्या आपत्तींना तोंड देण्याच्या तयारीसाठी, म्हणजे अनुकूलनासाठी, असे संख्यात्मक उद्दिष्ट योगदानात नाही. त्यामुळे राष्ट्रीय आकडेवारीतील प्रगती आणि प्रत्यक्ष गावपातळीवरील स्थिती यांचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. प्रस्तुत लेखात राष्ट्रीय उद्दिष्टांचा आढावा घेऊन महाराष्ट्रातील अंमलबजावणीची माहिती दिली आहे. स्थानिक उदाहरण म्हणून नाशिक जिल्ह्यातील गोदावरीकाठचे सायखेडा (तालुका निफाड) व त्याचा परिसर घेतला आहे.

== पार्श्वभूमी ==

१९९२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलविषयक आराखडा करारात 'समान परंतु भिन्न जबाबदारी' हे तत्त्व मान्य करण्यात आले. औद्योगिक देशांनी दीर्घकाळ केलेल्या उत्सर्जनामुळे त्यांची जबाबदारी अधिक आहे, असा या तत्त्वाचा आशय आहे. जगाच्या लोकसंख्येत भारताचा वाटा सुमारे १७ टक्के असला, तरी १८५० ते २०१९ या काळातील जगाच्या एकत्रित उत्सर्जनात तो सुमारे ४ टक्केच आहे, अशी भूमिका भारत सरकारने आपल्या अधिकृत अहवालांतून मांडली आहे. या तत्त्वानुसारच १९९७ च्या क्योटो करारात भारतावर उत्सर्जन कपातीचे बंधन नव्हते.

जून २००८ मध्ये भारताने हवामान बदलाविषयीची राष्ट्रीय कृती योजना जाहीर केली. तीत सौर ऊर्जा, ऊर्जा कार्यक्षमता, शाश्वत अधिवास, जल, हिमालयीन परिसंस्था, हरित भारत, शाश्वत शेती आणि हवामान बदलविषयक ज्ञान अशी आठ अभियाने होती. कोपनहेगन परिषदेनंतर २०२० पर्यंत उत्सर्जन तीव्रता २००५ च्या तुलनेत २० ते २५ टक्क्यांनी कमी करण्याचे ऐच्छिक आश्वासन भारताने दिले. शेतीतील उत्सर्जन त्यातून वगळलेले होते.

== उद्दिष्टांचा क्रम ==

* '''२ ऑक्टोबर २०१५''' : पॅरिस परिषदेपूर्वी भारताने आपले पहिले योगदान सादर केले. त्यात २०३० पर्यंत उत्सर्जन तीव्रतेत ३३ ते ३५ टक्के घट, स्थापित वीजक्षमतेत बिगर-जीवाश्म स्रोतांचा ४० टक्के वाटा आणि २.५ ते ३ अब्ज टन अतिरिक्त कर्बशोषण ही उद्दिष्टे होती.
* '''२ ऑक्टोबर २०१६''' : भारताने पॅरिस करारास अनुसमर्थन दिले.
* '''१ नोव्हेंबर २०२१''' : ग्लासगो येथील परिषदेत पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी 'पंचामृत' या नावाने पाच घोषणा केल्या. २०३० पर्यंत बिगर-जीवाश्म वीजक्षमता ५०० गिगावॅटपर्यंत नेणे, ऊर्जेची ५० टक्के गरज नवीकरणीय स्रोतांतून भागवणे, अंदाजित उत्सर्जनात एक अब्ज टनांची घट करणे, उत्सर्जन तीव्रता ४५ टक्क्यांहून अधिक कमी करणे आणि २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जन गाठणे या त्या घोषणा होत.
* '''ऑगस्ट २०२२''' : केंद्रीय मंत्रिमंडळाच्या मान्यतेनंतर सुधारित योगदान संयुक्त राष्ट्रांना सादर करण्यात आले. तीव्रतेचे उद्दिष्ट ४५ टक्के आणि वीजक्षमतेचे ५० टक्के झाले. कर्बशोषणाचे उद्दिष्ट पूर्वीइतकेच राहिले.
* '''नोव्हेंबर २०२२''' : शर्म अल-शेख येथील परिषदेत भारताने कमी उत्सर्जनाच्या विकासाची दीर्घकालीन रणनीती सादर केली.

ग्लासगो येथील घोषणा आणि २०२२ चे औपचारिक योगदान एकसारखे नाहीत. ५०० गिगावॅटचा आकडा, ऊर्जेच्या ५० टक्के गरजेची घोषणा आणि एक अब्ज टनांची घट या तीन बाबींचा संख्यात्मक उद्दिष्ट म्हणून औपचारिक योगदानात समावेश नाही. वीजक्षमतेचे उद्दिष्टही तंत्रज्ञानाचे हस्तांतरण व कमी व्याजदराचे आंतरराष्ट्रीय अर्थसाहाय्य यांच्या मदतीने गाठावयाचे म्हणून नोंदवले आहे.

== प्रगती ==

=== उत्सर्जन तीव्रता ===

उत्सर्जन तीव्रता म्हणजे सकल देशांतर्गत उत्पादनाच्या प्रत्येक एककामागे होणारे हरितगृह वायूंचे उत्सर्जन. तीव्रता घटली म्हणजे एकूण उत्सर्जन घटलेच असे नाही. उदाहरणार्थ, एखाद्या देशाचे उत्पादन दुप्पट झाले आणि त्याच काळात उत्सर्जन ३० टक्क्यांनी वाढले, तर तीव्रता ३५ टक्क्यांनी कमी होते. उत्सर्जन मात्र वाढलेलेच असते.

डिसेंबर २०२४ मध्ये सादर केलेल्या भारताच्या चौथ्या द्वैवार्षिक अद्ययावत अहवालानुसार २००५ ते २०२० या काळात उत्सर्जन तीव्रता ३६ टक्क्यांनी कमी झाली. २०१५ मध्ये ठरवलेले मूळ उद्दिष्ट याप्रमाणे दहा वर्षे आधीच पूर्ण झाले. याच काळात एकूण उत्सर्जन वाढत होते. जमीन-वापर व वने यांचा हिशेब वगळता २०१० मध्ये २,१३७ दशलक्ष टन कार्बन डायऑक्साइड-समतुल्य असलेले उत्सर्जन २०१९ मध्ये ३,१३२ दशलक्ष टनांवर गेले. २०२० मध्ये ते २,९५९ दशलक्ष टनांवर आले. हे वर्ष कोविड-१९ च्या टाळेबंदीचे असल्यामुळे या घटीवरून दीर्घकालीन निष्कर्ष काढता येत नाही. २०२० च्या उत्सर्जनात ऊर्जा क्षेत्राचा वाटा सुमारे ७६ टक्के, शेतीचा सुमारे १४ टक्के, औद्योगिक प्रक्रियांचा ८ टक्के आणि कचऱ्याचा अडीच टक्के होता.

=== वीजक्षमता ===

३० जून २०२५ रोजी देशाची एकूण स्थापित वीजक्षमता सुमारे ४८४.८ गिगावॅट होती. त्यांपैकी सुमारे २४२.८ गिगावॅट, म्हणजे ५० टक्क्यांहून किंचित अधिक क्षमता बिगर-जीवाश्म स्रोतांची होती. यात सौर, पवन इत्यादी नवीकरणीय स्रोत सुमारे १८४.६ गिगावॅट, मोठे जलविद्युत प्रकल्प ४९.४ गिगावॅट आणि अणुऊर्जा ८.८ गिगावॅट असा वाटा होता.

तत्पूर्वी २०२२ अखेर १७५ गिगावॅट नवीकरणीय क्षमता उभारण्याचे देशांतर्गत उद्दिष्ट मात्र हुकले होते. डिसेंबर २०२२ मध्ये ही क्षमता सुमारे १२१ गिगावॅट होती.

स्थापित क्षमता आणि प्रत्यक्ष वीजनिर्मिती यांत मोठा फरक असतो. सौर संच रात्री बंद असतात आणि ढगाळ हवेत कमी वीज देतात. एक मेगावॅटचा सौर संच १८ टक्के क्षमता-वापर गृहीत धरल्यास वर्षाला सुमारे १५.८ लाख युनिट वीज देतो. तेवढ्याच क्षमतेचा कोळशावरील संच ६५ टक्के वापराने चालल्यास सुमारे ५७ लाख युनिट देतो. त्यामुळे निम्मी क्षमता बिगर-जीवाश्म झाली, तरी निर्मितीत या स्रोतांचा वाटा सुमारे एक-चतुर्थांश राहिला आणि उरलेली बहुतेक वीज कोळशापासूनच तयार होत राहिली. वीज साठवणारे विद्युत्घट प्रकल्प, उदंचन जलविद्युत प्रकल्प आणि पारेषण वाहिन्या यांची वाढ हा पुढील टप्प्यातील मुख्य प्रश्न मानला जातो.

=== कर्बशोषण ===

भारतीय वन सर्वेक्षण या संस्थेच्या २०२३ च्या अहवालानुसार देशाच्या भौगोलिक क्षेत्रापैकी २५.१७ टक्के क्षेत्र वने व वृक्षांखाली आहे. १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीत हे प्रमाण ३३ टक्के असावे असे म्हटले आहे. २००५ च्या तुलनेत २०२१ पर्यंत २.२९ अब्ज टन अतिरिक्त कर्बशोषण झाल्याचे सरकारी अहवाल सांगतात.

या मोजमापाच्या पद्धतीवर मतभेद आहेत. एक हेक्टर किंवा त्याहून मोठ्या क्षेत्रावर झाडांच्या छत्राची घनता १० टक्के वा अधिक असल्यास, जमिनीची मालकी व कायदेशीर दर्जा काहीही असो, ते क्षेत्र वनाच्छादनात धरले जाते. त्यामुळे फळबागा, बांबू व एकसुरी लागवडी यांचीही गणना नैसर्गिक जंगलासोबतच होते. नैसर्गिक जंगलाची हानी यामुळे आकड्यांत झाकली जाते, असा अभ्यासकांचा आक्षेप आहे.

== महाराष्ट्रातील अंमलबजावणी ==

वीज, वाहतूक, शेती, पाणी व नगररचना हे विषय मोठ्या प्रमाणात राज्यांच्या अखत्यारीत येतात. त्यामुळे राष्ट्रीय उद्दिष्टांची पूर्तता राज्यांच्या धोरणांवर अवलंबून असते. महाराष्ट्र हे औद्योगिकदृष्ट्या अग्रेसर राज्य असून त्याची विजेची मागणी देशातील सर्वाधिक मागण्यांपैकी एक आहे.

=== वीजनिर्मिती ===

राज्यात कोळशावरील मोठी औष्णिक केंद्रे प्रामुख्याने विदर्भात आहेत. त्यांपैकी चंद्रपूर महाऔष्णिक विद्युत केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट आहे. बिगर-जीवाश्म विजेचीही राज्यात जुनी परंपरा आहे. कोयना जलविद्युत प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॅट असून तारापूर येथे १९६९ मध्ये देशातील पहिले व्यावसायिक अणुवीज केंद्र सुरू झाले. सातारा जिल्ह्यातील वनकुसवडे व धुळे जिल्ह्यातील ब्राह्मणवेल ही पवनऊर्जेची परिचित ठिकाणे आहेत. धुळे जिल्ह्यातच साक्री तालुक्यात शिवाजीनगर येथे १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प उभारण्यात आला. डिसेंबर २०२० च्या राज्य धोरणात २०२५ पर्यंत १७,३६० मेगावॅट नवीकरणीय क्षमतेचे उद्दिष्ट ठेवण्यात आले होते.

=== शेतीपंपांचे सौरीकरण ===

राज्यातील विजेच्या वापरात शेतीपंपांचा मोठा वाटा आहे. शेतीला सवलतीच्या दराने वीज दिली जाते आणि त्या सवलतीचा भार शासनाच्या अनुदानावर व औद्योगिक ग्राहकांच्या दरावर पडतो. शेतीपंपांना दीर्घकाळ आळीपाळीने दिवसा व रात्री वीज मिळत आली आहे. रात्रीच्या पाळीत पिकाला पाणी देण्यासाठी शेतकऱ्यांना अंधारात शेतात जावे लागते. त्यामुळे 'दिवसा वीज' ही मागणी राज्याच्या ग्रामीण भागात अनेक वर्षे होत आहे.

२०१७ मध्ये सुरू झालेली 'मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना' आणि २०२३ मधील तिचा दुसरा टप्पा यांतून या मागणीला प्रतिसाद देण्यात आला. योजनेची रचना पुढीलप्रमाणे आहे : शेतीसाठी स्वतंत्र वाहिनी असलेल्या उपकेंद्राजवळ लहान सौर प्रकल्प उभारला जातो, त्याची वीज त्याच उपकेंद्रात सोडली जाते आणि ती परिसरातील पंपांना दिवसा मिळते. वीज जवळच तयार होऊन जवळच वापरली गेल्याने पारेषणातील गळतीही कमी होते. प्रकल्पासाठी सरकारी जमीन वापरली जाते किंवा खासगी जमीन भाड्याने घेतली जाते. दुसऱ्या टप्प्यात खासगी जमिनीसाठी प्रतिहेक्टर वार्षिक सव्वा लाख रुपये भाडे व त्यात दरवर्षी ३ टक्के वाढ अशी तरतूद आहे. जेथे वाहिनी पोहोचलेली नाही किंवा जोडणी प्रलंबित आहे, तेथे 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेतून स्वतंत्र सौर पंप दिला जातो. त्यात सर्वसाधारण गटातील शेतकऱ्याला किमतीच्या १० टक्के, तर अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याला ५ टक्के हिस्सा भरावा लागतो.

सौर पंपांमुळे वीजबिल उरत नाही व डिझेलचा वापर थांबतो. मात्र पाणी उपसण्याचा खर्च जवळजवळ शून्यावर आल्याने भूजलाचा अतिउपसा वाढण्याची शक्यता असते. प्रकल्पांसाठी गायरान जमिनी घेतल्यास गुरांच्या चराईचा प्रश्न निर्माण होतो, असाही आक्षेप घेतला जातो.

=== इथेनॉल ===

पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे राष्ट्रीय उद्दिष्ट २०३० वरून अलीकडे आणून २०२५-२६ करण्यात आले. त्यामुळे महाराष्ट्रातील साखर कारखान्यांना उत्पन्नाचा आणखी एक मार्ग मिळाला. मात्र २०२३ मध्ये पाऊस कमी झाल्याने साखरेच्या उत्पादनाविषयी चिंता निर्माण झाली आणि डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल तयार करण्यावर निर्बंध घातले. ते पुढील हंगामासाठी उठवण्यात आले. हवामानविषयक उद्दिष्टासाठी योजलेला उपायच पावसाच्या लहरीवर अवलंबून असल्याचे या घटनेतून दिसून आले. ऊस हे अधिक पाणी लागणारे पीक असल्याने अवर्षणप्रवण भागात त्याला प्रोत्साहन देण्याविषयीही मतभेद आहेत.

=== इतर धोरणे ===

* राज्य शासनाने 'टेरी' या संस्थेकडून हवामान बदलाच्या जोखमीचा अभ्यास करून घेतला. त्याचा अहवाल २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला.
* जागतिक बँकेच्या सहकार्याने २०१८ मध्ये 'नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प' सुरू झाला. मराठवाडा, विदर्भ व खानदेशातील हवामान जोखमीच्या गावांत मृद्संधारण, ठिबक सिंचन, शेततळी व हवामान-अनुकूल पीकपद्धती यांवर त्यात भर आहे.
* २ ऑक्टोबर २०२० रोजी 'माझी वसुंधरा' अभियान सुरू झाले. पृथ्वी, जल, वायू, अग्नी व आकाश या पंचतत्त्वांच्या आधारे ग्रामपंचायती व नागरी स्वराज्य संस्थांच्या कामाचे त्यात मूल्यमापन होते.
* जुलै २०२१ च्या विद्युत वाहन धोरणात २०२५ पर्यंत नव्या वाहन नोंदणीत विद्युत वाहनांचा वाटा १० टक्के करण्याचे उद्दिष्ट होते.
* मार्च २०२२ मध्ये मुंबई हवामान कृती आराखडा जाहीर झाला. त्यात मुंबईसाठी २०५० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे, म्हणजे राष्ट्रीय मुदतीच्या वीस वर्षे आधीचे उद्दिष्ट आहे.

== स्थानिक उदाहरण : सायखेडा व निफाड परिसर ==

सायखेडा हे नाशिक शहराच्या खालच्या अंगाला गोदावरीकाठी वसलेले बाजारपेठेचे गाव असून नदीच्या पलीकडे चांदोरी आहे. निफाड तालुक्यात दारणा व कादवा या नद्या गोदावरीला मिळतात. द्राक्षे, कांदा, ऊस, गहू व भाजीपाला ही परिसरातील प्रमुख पिके आहेत. लासलगाव व पिंपळगाव बसवंत या मोठ्या बाजारपेठाही याच तालुक्यात आहेत. राष्ट्रीय उद्दिष्टांचे शमन व अनुकूलन हे दोन्ही पैलू या लहानशा परिसरात एकत्र आढळतात.

=== पूर व पाणीवाटप ===

गंगापूर, दारणा इत्यादी धरणे भरल्यानंतर सह्याद्रीच्या माथ्यावर अतिवृष्टी झाली, की विसर्ग वाढवावा लागतो आणि ते पाणी निफाड तालुक्यातील सखल भागात पसरते. नाशिकमध्ये सप्टेंबर २००८, ऑगस्ट २०१६ व ऑगस्ट २०१९ मध्ये गोदावरीला मोठे पूर आले. २०१६ व २०१९ च्या पुरांत सायखेडा व चांदोरी येथे वस्तीत पाणी शिरले आणि नागरिकांना सुरक्षित स्थळी हलवावे लागले. खालच्या बाजूच्या नांदूर मधमेश्वर बंधाऱ्यात साठलेला गाळ हादेखील पुराच्या चर्चेतील एक मुद्दा असतो.

कोणत्याही एका पुराचे कारण म्हणून केवळ हवामान बदलाकडे बोट दाखवता येत नाही. धरणांचे परिचलन, नदीपात्रातील अतिक्रमणे व गाळ यांचाही त्यात वाटा असतो. तथापि पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांच्या २०१७ मधील अभ्यासात, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात विस्तृत क्षेत्रावरील अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिपटीने वाढल्याचे आढळले. याच काळात या भागातील मोसमी पावसाची एकूण सरासरी मात्र वाढलेली नव्हती. पाऊस कमी दिवसांत व अधिक जोराने पडू लागल्यास धरणे भरण्याचे व पाणी सोडण्याचे जुने अंदाज अपुरे ठरतात.

पावसाळ्यात पूर अनुभवणाऱ्या याच खोऱ्यात तुटीच्या वर्षी पाणीवाटपाचा वाद उद्भवतो. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियम, २००५ यातील समन्यायी वाटपाच्या तत्त्वानुसार, जायकवाडी धरणाचा साठा ऑक्टोबरमध्ये ६५ टक्क्यांपेक्षा कमी असल्यास नाशिक व अहिल्यानगर जिल्ह्यांतील वरच्या धरणांतून पाणी सोडण्याची पद्धत आहे. २०२३ मध्ये अशी वेळ आली होती.

=== द्राक्षशेती ===

नाशिकच्या द्राक्षांना भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. या परिसरात साधारणतः वर्षातून दोनदा छाटणी केली जाते. उन्हाळ्यात खरड छाटणी व पावसाळ्याअखेर गोडी बहराची छाटणी होते. फुलोरा ते काढणी हा ऑक्टोबर ते मार्चचा काळ कोरडा असणे, यावर संपूर्ण पीक अवलंबून असते. या काळात अवकाळी पाऊस झाल्यास घडकूज होते, डाऊनी बुरशीचा प्रादुर्भाव वाढतो आणि तयार मणी तडकतात. गारपीट झाल्यास घडांसोबत काड्यांनाही इजा होऊन पुढील हंगामावर परिणाम होतो. फेब्रुवारी-मार्च २०१४ मधील गारपिटीने राज्याच्या मोठ्या भागात नुकसान केले. २६ नोव्हेंबर २०२३ रोजी झालेल्या गारपिटीने निफाड तालुक्यातील द्राक्षबागांची हानी केली.

थंडीचाही प्रश्न आहे. निफाड हे राज्यातील सर्वांत कमी तापमान नोंदवणाऱ्या ठिकाणांपैकी एक असून तेथील कुंदेवाडी येथे गहू संशोधन केंद्र आहे. तापमान फार खाली गेल्यास मण्यांची वाढ खुंटते. अशा वेळी बागायतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात व ठिबकने पाणी देतात. गव्हाला हीच थंडी मानवते आणि दाणा भरताना वाढलेली उष्णता अपायकारक ठरते.

संरक्षणासाठी काही बागायतदार बागांवर प्लास्टिकचे आच्छादन घालतात. त्याचा भांडवली खर्च मोठा असल्याने ते सर्वांना परवडत नाही. हवामान आधारित फळपीक विमा योजनेत भरपाई प्रत्यक्ष नुकसानीच्या पाहणीवर नव्हे, तर मुख्यतः हवामान केंद्रावरील नोंदींवर ठरते. पाऊस किंवा गारा एका शिवारात पडून शेजारचे शिवार कोरडे राहू शकते. त्यामुळे मंडळातील एकाच केंद्राच्या नोंदीवरून सर्व बागांचे नुकसान ठरवणे योग्य आहे का, हा वादाचा विषय राहिला आहे.

=== वीज ===

सायखेड्याच्या वरच्या अंगाला गोदावरीकाठीच एकलहरे येथे नाशिक औष्णिक विद्युत केंद्र आहे. १९७० च्या दशकाच्या आरंभी सुरू झालेले येथील दोन जुने संच बंद करण्यात आले असून प्रत्येकी २१० मेगावॅटचे तीन संच, म्हणजे ६३० मेगावॅट क्षमता उरली आहे. कोळसा शेकडो किलोमीटरवरून रेल्वेने आणावा लागत असल्याने येथील वीज खाणींजवळच्या केंद्रांच्या तुलनेत महाग पडते. जुन्या संचांचे भवितव्य ठरवताना उत्सर्जनासोबतच केंद्रावर अवलंबून असलेल्या कामगारांचा व परिसरातील व्यवसायांचा प्रश्न पुढे येतो. कोळशापासून दूर जाताना होणाऱ्या या सामाजिक पुनर्रचनेस 'न्याय्य संक्रमण' असे म्हणतात.

निफाड तालुक्यातील उसाच्या पट्ट्यात बिबट्यांचा वावर आहे. रात्रीच्या पाळीत पाणी भरणाऱ्या शेतकऱ्यांच्या व मजुरांच्या दृष्टीने शेतीवाहिन्यांचे सौरीकरण हा त्यामुळे उत्सर्जनाबरोबरच सुरक्षिततेचाही विषय आहे.

=== नांदूर मधमेश्वर ===

गोदावरी व कादवा यांच्या संगमाजवळ ब्रिटिश काळात बांधलेल्या नांदूर मधमेश्वर बंधाऱ्यामुळे विस्तृत पाणथळ क्षेत्र निर्माण झाले. येथील पक्षी अभयारण्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाल्याचे जानेवारी २०२० मध्ये जाहीर झाले. हे महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ होय. पाणथळ जागा पुराचे पाणी सामावून घेतात, भूजलाचे पुनर्भरण करतात आणि गाळात कर्ब साठवतात. मात्र राष्ट्रीय योगदानातील कर्बशोषणाचे उद्दिष्ट वने व वृक्षांपुरते असल्याने अशा क्षेत्रांचे कार्य त्या आकड्यात येत नाही.

== अनुकूलन व अर्थसाहाय्य ==

२०१५ च्या योगदानात शेती, जल व आपत्ती व्यवस्थापन यांसारख्या क्षेत्रांतील अनुकूलनाचा उल्लेख आहे, परंतु त्याला मोजता येईल असे लक्ष्य जोडलेले नाही. याच दस्तऐवजात २०३० पर्यंतच्या हवामानविषयक कृतीसाठी किमान २.५ लाख कोटी डॉलर आणि त्यांपैकी प्रमुख क्षेत्रांतील अनुकूलनासाठी २०६ अब्ज डॉलर लागतील, असा अंदाज दिला होता. डिसेंबर २०२३ मध्ये भारताने तिसऱ्या राष्ट्रीय निवेदनासोबत आपले पहिले अनुकूलन निवेदन संयुक्त राष्ट्रांना सादर केले.

विकसनशील देशांना २०२० पर्यंत दरवर्षी १०० अब्ज डॉलर उपलब्ध करून देण्याचे विकसित देशांचे आश्वासन वेळेत पूर्ण झाले नाही. २०२४ च्या बाकू परिषदेत २०३५ पर्यंत दरवर्षी ३०० अब्ज डॉलरचे नवे उद्दिष्ट स्वीकारण्यात आले. भारताने ते अपुरे असल्याचे सांगून आक्षेप नोंदवला.

शमन व अनुकूलन यांच्या अर्थकारणात मूलभूत फरक आहे. सौर प्रकल्प वीज विकून गुंतवणूक परत मिळवून देतो, त्यामुळे तेथे खासगी भांडवल येते. पूररेषेची आखणी, नदीतील गाळ काढणे, धोक्याची पूर्वसूचना किंवा वस्तीचे पुनर्वसन यांतून थेट उत्पन्न मिळत नाही. हा खर्च मुख्यतः शासन, स्थानिक संस्था आणि स्वतः आपद्ग्रस्त कुटुंबे यांच्यावर पडतो.

== मूल्यमापन व टीका ==

भारताने उत्सर्जन तीव्रता व वीजक्षमता यांविषयीची आपली २०१५ ची उद्दिष्टे मुदतीपूर्वी गाठली, हे सरकारच्या धोरणांचे यश मानले जाते. दरडोई उत्सर्जन जागतिक सरासरीच्या निम्म्याहून कमी असताना आणि विकासाच्या मूलभूत गरजा बाकी असताना झालेली ही प्रगती उल्लेखनीय असल्याचे समर्थक सांगतात. टीकाकारांच्या मते उद्दिष्टे इतक्या लवकर पूर्ण होणे हे ती मुळात सौम्य असल्याचे लक्षण आहे. तीव्रता व क्षमता यांऐवजी प्रत्यक्ष उत्सर्जन व प्रत्यक्ष वीजनिर्मिती यांवर आधारित लक्ष्ये हवीत, असे त्यांचे म्हणणे आहे. कोळशाचे उत्पादन व कोळशावरील नव्या संचांची उभारणी चालू असल्याकडेही ते लक्ष वेधतात. यावर, वाढत्या मागणीच्या काळात विश्वासार्ह वीजपुरवठ्यासाठी कोळसा आवश्यक असल्याची सरकारची भूमिका आहे.

तिसरा मुद्दा मोजमापाचा आहे. गिगावॅट, टक्के व टन यांत मांडलेली उद्दिष्टे देशपातळीवर तपासता येतात. सायखेड्यासारख्या गावात पुराची पूर्वसूचना किती तास आधी मिळाली, किती घरे पूररेषेबाहेर हलवली गेली, विम्याची भरपाई किती दिवसांत मिळाली आणि किती पंपांना दिवसा वीज मिळाली, हे प्रगतीचे निकष राष्ट्रीय योगदानाच्या हिशेबात अंतर्भूत नाहीत.

== हेही पाहा ==

* पॅरिस करार
* हवामान बदल
* गोदावरी नदी
* नांदूर मधमेश्वर अभयारण्य
* निफाड तालुका
* महाराष्ट्रातील वीजनिर्मिती